क्षयाचा दवाखाना आणि कामगाराची खोली



२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी क्षयाचा जंतू आपल्याला सापडल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. तोपर्यंत क्षय हा घराण्यातून चालत येणारा, दुबळ्या प्रकृतीला चिकटणारा, बहुधा दैवाधीन असा विकार समजला जात असे. कॉख यांच्या शोधाने हा समज मोडून काढला. क्षय एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातो, त्याला दृश्य आणि निश्चित कारण आहे, म्हणून तो थोपविता येण्याजोगा आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु कारण सापडले तरी औषध सापडले नव्हते. १८९० साली खुद्द कॉख यांनी ट्यूबरक्युलिन हे औषध म्हणून पुढे केले आणि ते फोल ठरले. क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. म्हणजे रोगाचे कारण ठाऊक आहे आणि औषध मात्र नाही, अशी तब्बल सहा दशके युरोप-अमेरिकेतील औद्योगिक शहरांनी काढली. या सहा दशकांत त्या समाजांनी काय केले, काय टाळले आणि कोणी कोणावर दोष ढकलला, हा इतिहास राजकीय कार्यकर्त्याने बारकाईने अभ्यासावा असा आहे. कारण औषधे हाती आल्यावरही त्या काळात उभा राहिलेला प्रश्न सुटलेला नाही.

ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांच्यासाठी एक मार्ग अगोदरच सिद्ध होता. उंच डोंगरावरील स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर सकस आहार असा सॅनिटोरियमचा उपचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मनीत रूढ होऊ लागला होता. पुढे स्वित्झर्लंडमधील दाव्होस हे गाव त्यासाठी जगप्रसिद्ध झाले. पण हा उपचार महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालावयाचा. सूतगिरणीतील किंवा शिंप्याच्या कारखान्यातील माणसाला कोणी असे सांगितले की, वर्षभर काम सोड, डोंगरावर जाऊन राहा आणि दूध, लोणी, मांस खा, तर ती त्याची क्रूर थट्टाच ठरली असती. एक खाडा पडला तर ज्याच्या घरची चूल अडते, त्याच्यासाठी सॅनिटोरियम हा उपायच नव्हता. आणि क्षयाने मरणाऱ्यांत बहुसंख्या याच माणसांची होती.

या माणसांसाठी निराळा मार्ग शोधण्याचा पहिला सुसंघटित प्रयत्न स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तिशीही न गाठलेल्या डॉ. रॉबर्ट फिलिप यांनी नोव्हेंबर १८८७ मध्ये बँक स्ट्रीटवरील तीन खोल्यांत क्षयरोग्यांसाठी एक दवाखाना उघडला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. म्हणून दवाखान्याला राणीचे नाव मिळाले. नाव राजघराण्याचे असले तरी कल्पना मात्र विलक्षण लोकाभिमुख होती. तोवर दवाखाना म्हणजे रोग्याने येऊन औषधाची बाटली घेऊन परत जाण्याची जागा. फिलिप यांनी हा क्रम उलटा केला. रोगी दवाखान्यात आला की त्याची छाती तपासायची, त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, आणि त्यानंतर दवाखान्याने त्याच्या घरी जायचे. घरात खोल्या किती, रोग्याच्या खोलीत आणखी कितीजण झोपतात, खिडकी उघडते काय, भिंतींना ओल आहे काय, ताटात काय पडते, मिळकत किती, या सर्वांची नोंद ठेवायची. रोग्याच्या सहवासातील मुलेमाणसे दवाखान्यात बोलावून त्यांचीही तपासणी करायची. एक रोगी सापडला म्हणजे रोगाच्या घरट्याचा पत्ता लागला, असे समजून पुढील शोध घ्यायचा, हे या पद्धतीचे मर्म होते.

दवाखाना हा मध्यबिंदू आणि त्याच्याभोवती इतर संस्थांची साखळी, अशी फिलिप यांची योजना होती. १८९४ साली त्यांच्या प्रयत्नाने रुग्णालय निघाले आणि १९१० साली बऱ्या होत चाललेल्या रोग्यांना झेपेल तेवढे काम करता यावे यासाठी शेतीची वसाहत निघाली. एडिंबरो शहराने १९०७ साली क्षयाची वर्दी आरोग्यखात्याला देणे सक्तीचे केले आणि १९१४ साली ही सारी योजना महापालिकेने आपल्याकडे घेतली. लोकांच्या देणग्यांवर चाललेले काम सत्तावीस वर्षांनी नगराचे कर्तव्य बनले. या प्रवासाचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. देणगीदाराची इच्छा बदलली की जी सेवा बंद पडू शकते, ती नागरिकाचा हक्क म्हणून करातून चालू लागली.

उत्तर फ्रान्समधील लील या कापडउद्योगाच्या शहरात आल्बेर काल्मेत यांनी १९०१ साली असाच एक दवाखाना उघडला. हेच काल्मेत पुढे कामीय गेरँ यांच्यासह बी.सी.जी. लशीचे जनक म्हणून जगाला माहीत झाले. ती लस माणसाला प्रथम १९२१ साली देण्यात आली. परंतु लशीच्या वीस वर्षे आधीच त्यांना दवाखान्याचे महत्त्व पटले होते. लीलच्या सूतगिरण्यांतील कामगार अरुंद बोळांतील अंधाऱ्या घरांत दाटीने राहत. सॅनिटोरियमवर होणाऱ्या अफाट खर्चात फार थोड्यांची सोय होते, तेवढ्याच पैशात दवाखाना शेकडो कुटुंबांपर्यंत पोहोचू शकतो, असा काल्मेत यांचा हिशेब होता. त्यांच्या दवाखान्यातून मांस, दूध यांसारखे अन्न मिळे, पिकदाण्या मिळत, रोग्याचे कपडे दवाखान्याच्या धोबीखान्यात निर्जंतुक करून धुऊन मिळत. आणि घरोघर जाण्याचे काम त्यांनी मुद्दाम एका कामगाराकडे सोपविले. ज्याने स्वतः कारखान्यात घाम गाळला आहे तोच कामगाराच्या घरात परका न वाटता शिरू शकेल आणि त्याच्या भाषेत बोलू शकेल, ही त्यामागील दृष्टी होती. आज गावोगाव जी आशा सेविका फिरते, तिच्यामागील विचार सव्वाशे वर्षांपूर्वी लीलच्या बोळांत असा आकार घेत होता.

दवाखाना रोग्याच्या घरात शिरला तेव्हा त्याला काय दिसले? सहा माणसांना एक खोली आणि दोन बिछाने. बंद खिडकी, कारण उघडली तर थंडी आत येते आणि कोळसा महाग. खोकणारा बाप, जो उद्याही कामावर जाणार आहे, कारण न गेल्यास पगार नाही. रोगजंतू सर्वांच्या वाट्याला येतो, पण तो कोणाच्या देहात मूळ धरतो हे त्या माणसाची मजुरी, त्याचे काम आणि त्याची खोली ठरवितात, हे सत्य सूक्ष्मदर्शकातून दिसणारे नव्हते. ते घराचा उंबरठा ओलांडल्यावर दिसले. क्षयाच्या दवाखान्याचे खरे ऐतिहासिक कार्य हे आहे. औषध नसलेल्या काळात त्याने रोग फारसा बरा केला नाही. परंतु रोगाचा सामाजिक पत्ता त्याने शोधून काढला.

हा पत्ता सापडल्यानंतर दोन वाटा फुटत होत्या. पहिली वाट शिकवणुकीची आणि शिस्तीची. थुंकू नका, खिडकी उघडी ठेवा, रोग्याची भांडी वेगळी ठेवा, त्याला वेगळ्या खोलीत झोपवा. हे उपदेश चूक नव्हते. पण ज्याच्याजवळ एकच खोली आहे त्याला वेगळ्या खोलीचा उपदेश करणे याचा अर्थ काय? उपदेश पाळला गेला नाही की दोष रोग्याच्या अज्ञानावर आणि बेपर्वाईवर टाकायचा आणि घरमालक, गिरणीमालक व नगरशासन यांनी हात झटकायचे, ही सोय त्या उपदेशात होती. दुसरी वाट अधिक अवघड होती. खोली बदलणे, मजुरी बदलणे, कारखान्यातील हवा बदलणे ही ती वाट. ती डॉक्टरांच्या अधिकारातील नव्हती. ती राजकारणाची वाट होती.

न्यूयॉर्कमध्ये या दोन्ही वाटा एकाच शहरात पाहावयास मिळतात. तेथील आरोग्यखात्याचे डॉ. हर्मन बिग्ज यांनी थुंकीची तपासणी विनामूल्य करून दिली आणि १८९४ साली संस्थांना व १८९७ साली खाजगी डॉक्टरांनाही क्षयाची वर्दी देण्याचे बंधन घातले. खाजगी व्यावसायिकांनी त्याला कडाडून विरोध केला. रोगी आपल्या हातून जाईल हे भय त्यामागे होते. बिग्ज डगमगले नाहीत. सार्वजनिक आरोग्य पैसा खर्च करून मिळविता येते आणि आपल्याकडील मृत्यूचे प्रमाण किती असावे हे बऱ्याच अंशी समाजच ठरवीत असतो, असे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन आहे. परंतु याच व्यवस्थेने ‘बेपर्वा’ ठरविलेल्या क्षयरोग्यांना नदीतील एका बेटावरील रुग्णालयात सक्तीने डांबण्याचा अधिकारही वापरला. तेथे पाठविले गेलेले लोक कोण होते हे सांगावयास नको. बेघर, स्थलांतरित, मजूर यांच्यावरच बेपर्वाईचा शिक्का सहज बसतो. सधन घरातील क्षयरोगी आपल्या वेगळ्या खोलीत ‘काळजी घेणारा’ ठरत होता.

त्याच शहरात शिंपीकामाच्या कोंदट कारखान्यांत क्षय इतका बोकाळला होता की तो शिंप्यांचाच रोग समजला जाई. १९१० साली झगे शिवणाऱ्या कामगारांचा मोठा संप झाला आणि त्याच्या तडजोडीतून कारखान्यांच्या आरोग्यस्थितीवर देखरेख करणारे संयुक्त मंडळ स्थापन झाले. त्यात संघटनेचे प्रतिनिधी होते. त्या मंडळाचे डॉ. जॉर्ज प्राइस यांच्या पुढाकाराने काही वर्षांतच कामगार संघटनेचे स्वतःचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. पगार आणि कामाचे तास यांच्याबरोबर खिडक्या, उजेड, धूळ आणि फुप्फुसे हेही संपाच्या वाटाघाटींचे विषय होऊ शकतात, हे या कामगारांनी दाखवून दिले. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेची जेवढी नोंद व्हावयास हवी तेवढी झालेली नाही.

इंग्लंडमध्ये १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला. त्यात क्षयरोग्यांच्या उपचाराची स्वतंत्र तरतूद होती आणि लगोलग नेमलेल्या समितीने देशभर दवाखान्यांचे जाळे विणण्याची शिफारस केली. पुढे १९२१ च्या कायद्याने क्षयाच्या उपचाराची सोय करणे ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरली. यातील प्रगती नाकारता येत नाही. तथापि विमा मुख्यतः नोकरीवर असलेल्या माणसाचा होता. त्याची बायको आणि मुले यांना तो आपोआप लागू होत नव्हता. म्हणजे ज्या घरट्यात रोग होता त्यातील एकाच पाखराचा हिशेब कायदा धरत होता. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे श्रम ज्याप्रमाणे मजुरीत धरले जात नव्हते, त्याप्रमाणे तिचा खोकलाही विम्यात धरला गेला नाही.

दुसरी वाट धैर्याने चोखाळणारे शहर व्हिएन्ना होय. पहिल्या महायुद्धानंतर या शहरात उपासमार आणि घरटंचाई इतकी होती की क्षयाला ‘व्हिएन्नाचा रोग’ असे नाव पडले होते. नगरपालिकेची सत्ता सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली आणि १९२० साली युलिउस टांडलर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आरोग्य व लोककल्याण खात्याचे नगरमंत्री झाले. त्यांनी क्षयाचे दवाखाने, मातांसाठी सल्लाकेंद्रे, शाळांतील तपासणी आणि बालसंगोपन ही सर्व कामे एका सूत्रात गुंफली. पण त्यांच्या पक्षाने याहून मोठे काम केले ते घरांचे. १९२३ साली घरबांधणी कर बसविण्यात आला. तो चढत्या प्रमाणात होता. आलिशान बंगल्यांवर जबर, कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्यातून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. प्रत्येक घरात नळ, घराच्या आत शौचकूप, खोलीत थेट उजेड, इमारतींच्या मध्ये प्रशस्त अंगण. १९३० साली पुरी झालेल्या कार्ल मार्क्स होफ या प्रचंड वसाहतीत घरांबरोबर धोबीखाने, स्नानगृहे, बालवाड्या, ग्रंथालय आणि दातांचा दवाखाना होता. या काळात तेथे क्षयाचे मृत्यू लक्षणीय घटले. दवाखान्याने घरात जाऊन जे पाहिले, त्यावर नगरपालिकेने घर बांधून उत्तर दिले.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच टांडलर यांच्या लेखनात ‘निकृष्ट’ माणसांच्या प्रजननावर नियंत्रण आणण्याची भाषाही आढळते. लोककल्याणाचा अधिकारी जेव्हा माणसांची प्रत लावू लागतो तेव्हा कल्याणाचे रूपांतर छळात होण्यास वेळ लागत नाही, याची साक्ष पुढच्या दशकातील युरोपने दिली. समाजवाद्यांनी आपल्या पूर्वसूरींचे श्रेय सांगताना ही बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियातील हुकूमशाही सरकारने कामगारांचा उठाव चिरडताना कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या. टांडलर यांचे पद गेले आणि १९३६ साली मॉस्कोत त्यांचा मृत्यू झाला. घरे मात्र उभी राहिली. त्यांत आजही लोक राहतात.

औषधांपूर्वी क्षय का घटला, या प्रश्नावर पुढे मोठा वाद झाला. इंग्लंडमधील क्षयमृत्यूंची घट स्ट्रेप्टोमायसिनच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि तिचा मोठा भाग औषध येण्यापूर्वीच घडून आला होता, हे टॉमस मॅकिऑन यांनी आकडेवारीने दाखविले आणि त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिले. १९८८ साली सायमन श्रेटर या इतिहासकारांनी त्यावर आक्षेप घेतला: आर्थिक वाढ झाली की आरोग्य आपोआप सुधारते हे खरे नाही, पाणी, मैला, घरे आणि स्थानिक आरोग्यसेवा यांसाठी नगरोनगरी जे राजकीय झगडे झाले त्यांचा वाटा मोठा आहे. कोणाचे पारडे किती जड हा विद्वानांचा प्रश्न आहे. कार्यकर्त्याला एवढे पुरे की, अन्न घ्या की घरे घ्या, दोन्ही गोष्टी आपण होऊन कोणी वाटलेल्या नाहीत. त्या मागाव्या लागल्या.

आता हिंदुस्थानकडे वळू. येथेही आरंभ सॅनिटोरियमपासून झाला. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली मिशनऱ्यांनी पहिले सॅनिटोरियम काढले. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला असेच आरोग्यधाम सुरू केले. क्षयाचा देशातील पहिला दवाखाना मात्र मुंबईत १९१७ साली निघाला, आणि तो मुंबईत निघावा यात आश्चर्य नाही. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट नेमला गेला. त्याने गलिच्छ घरे पाडली, पण पाडलेल्या घरांतील माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन अधिकच दाटीने राहू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील सुमारे दोन तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, त्याच बी.डी.डी. चाळी. तेथेही एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि सामाईक संडास. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने आणि मुंबईच्या सरकारने कामगारांसाठी घरे एकाच दशकात बांधली. एकीकडे मतदार नागरिक होता, दुसरीकडे वसाहतीतील मजूर होता, आणि दोन्हींच्या खोल्यांत तो फरक उतरला.

१९४६ साली भोर समितीने चित्र मांडले ते असे: देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी, दरवर्षी ५ लाख मृत्यू, आणि क्षयासाठी खाटा सुमारे ६ हजार. खाटा बांधून हा प्रश्न सुटणे अशक्य होते. त्यावर निर्णायक उत्तर मद्रासच्या गरीब वस्त्यांतून मिळाले. १९५६ साली तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. १९३ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले, तेथे विश्रांती आणि चांगला आहार मिळाला. दुसऱ्या गटाला त्याच औषधांसह घरीच ठेवले. त्यांना दाटीत राहावे लागले, पोटाला कमी मिळाले, अनेकांना कामही करावे लागले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते आणि घरच्या माणसांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. जगभरची सॅनिटोरियमे यानंतर ओस पडत गेली. एडिंबरोच्या तीन खोल्यांतील विचाराला बहात्तर वर्षांनी मद्रासने शास्त्रीय आधार दिला, आणि १९६२ साली त्यावर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला.

‘अडाणी रोगी’ या कल्पनेलाही याच सुमारास धक्का बसला. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या डॉ. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली कर्नाटकातील खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. क्षय झालेल्या बहुतेकांना आपली लक्षणे ठाऊक होती. निम्म्याहून अधिक लोक स्वतःहून उपचार मागावयास गेलेही होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविले जात होते. अज्ञान होते ते दवाखान्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूला.

परंतु मद्रासच्या निष्कर्षाचा एक सोयीस्कर अर्थ राज्यकर्त्यांनी लावला. औषध पुरेसे आहे, म्हणजे अन्न, घर आणि मजुरी यांचा विचार नको! वस्तुतः मद्रासने एवढेच दाखविले होते की, रोग जडल्यावर तो बरा करण्यास योग्य औषध समर्थ आहे. रोग कोणाला जडतो, हा प्रश्न तेथे विचारलाच गेला नव्हता. तो झारखंडमध्ये विचारला गेला. तेथील क्षयरोग्यांच्या कुटुंबांना दरमहा शिधा देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत रोग्याबरोबर इतर माणसांनाही धान्य, डाळ आणि पूरक जीवनसत्त्वे मिळाली, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि फुप्फुसांच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. लीलच्या दवाखान्यातून दूध आणि मांस वाटले जात होते, ते भूतदया म्हणून हिणवता येणार नाही. तो प्रतिबंधाचा उपाय होता, हे एकविसाव्या शतकातील शास्त्राने सांगितले.

आजची स्थिती काय आहे? जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. २०२५ पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याची घोषणा झाली होती. ते साल उलटले आणि क्षय येथेच आहे. रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची योजना आहे, हे स्वागतार्ह आहे. पण ही रक्कम रुग्णासाठी आहे. घरट्यातील इतर पाखरांचे काय? २०२२ पासून दानशूर व्यक्ती व संस्था यांनी रुग्णांना शिध्याच्या टोपल्या द्याव्यात असेही आवाहन केले जात आहे. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एडिंबरोने देणगीपासून महापालिकेपर्यंत जो प्रवास केला, त्याच्या उलट दिशेने जाणारे हे पाऊल आहे. आणि घरांचे म्हणाल, तर मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला झोपडीवासीयांच्या पुनर्वसनासाठी एकमेकींना खेटून बांधलेल्या इमारतींत खालच्या मजल्यांवर दिवसाही अंधार असतो. उजेड-वाऱ्याचा हा अभाव आणि तेथील क्षय यांचा संबंध २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखविला आहे. शंभर वर्षांपूर्वी चाळ बांधताना जी चूक झाली, ती आता उंच उभी केली गेली आहे.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. क्षयरुग्णाच्या संपूर्ण कुटुंबाला उपचाराच्या काळात शिधा हक्क म्हणून मिळाला पाहिजे, आणि तो रेशन दुकानातूनच मिळाला पाहिजे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली क्षयासारख्या दीर्घ आजारात विमाधारक कामगाराला दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभ मिळू शकतो. हे संरक्षण संघटित क्षेत्राबाहेरच्या कोट्यवधी बांधकाम मजुरांना, यंत्रमागावर काम करणाऱ्यांना, ऊसतोड कामगारांना आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांना का नसावे? पुनर्वसनाच्या इमारतींच्या नकाशात उजेड आणि अंतर यांचे किमान नियम सवलतीविना पाळले गेले पाहिजेत. आणि ज्या आशा सेविकेच्या पायांवर हा सारा कार्यक्रम उभा आहे, तिला मानधनाच्या तुकड्यांऐवजी कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन मिळाले पाहिजे.

या मागण्या आरोग्यखात्याच्या एकट्याच्या आवाक्यातील नाहीत, असे उत्तर मिळेल. ते उत्तर खरे आहे आणि तेच या इतिहासाचे सार आहे. दवाखाना कामगाराच्या खोलीपर्यंत पोहोचू शकतो, तेथे जे दिसले ते लिहून ठेवू शकतो, गोळ्या देऊ शकतो. खोली बदलण्याचा अधिकार त्याच्याजवळ कधीच नव्हता. तो एडिंबरोत नगरपालिकेकडे गेला, न्यूयॉर्कमध्ये काही काळ संघटनेकडे आला, व्हिएन्नात मतपेटीतून मिळाला. येत्या वर्षभरात प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील आणि तालुक्यातील क्षयरुग्णांच्या घरी, त्यांची संमती घेऊन आणि त्यांचे नाव गुप्त राखून, जावे. खोल्या किती, खाणारी तोंडे किती, बुडालेली मजुरी किती, याची नोंद करावी, आणि ती नोंद महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या सभागृहात ठेवावी. दीडशे वर्षांपूर्वी जंतू सापडला. त्याचा पत्ताही सापडून बराच काळ लोटला आहे. आता त्या पत्त्यावर जाण्याचे काम उरले आहे.